हरकती-सूचनांची सोय : बेलापूरची जनसुनावणी आणि पालिकेची आवक खिडकी

भूखंडाचं आरक्षण बदलायचं असो की विजेचा दर वाढवायचा असो, कायद्याने आधी लोकांना विचारावं लागतं. ठाणे आणि नवी मुंबईत ही सोय वापरायच्या मुख्य जागा दोन : विजेचे दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगाची बेलापूरची जनसुनावणी आणि पालिकेची अर्ज घेणारी आवक खिडकी. कोणती किती कामाची, हे एकाच कसोटीवर ठरतं : तुमच्या मुद्द्याला लेखी उत्तर मिळतं का?

त्या कसोटीवर वीज नियामक आयोग बराच पुढे आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६४ प्रमाणे कंपनीने दराची याचिका जाहीर करायची आणि आयोगाने हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा. महावितरणच्या याचिकांवरची नवी मुंबईची सुनावणी बेलापूरच्या सिडको भवनात झालेली आहे. आदेश उघडला की ग्राहकाचा मुद्दा, खाली कंपनीचं उत्तर आणि त्याखाली आयोगाचं मत, अशी मांडणी दिसते. मागणी फेटाळली तरी का फेटाळली ते समजतं आणि पुढच्या याचिकेत नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळतं. हरकतीत प्रत्यक्ष बोलायचं आहे असं आधीच लिहा. ‘दरवाढ नको’ एवढ्यावर भागत नाही. वीजखरेदी, गळती, थकबाकी यांपैकी कोणत्या तक्त्यातला कोणता आकडा पटत नाही ते पान क्रमांकासह मांडा.

पालिकेकडे गोष्ट अवघड होते. विकास आराखड्याच्या हरकती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली मागवल्या जातात आणि कलम २८ खालची नियोजन समिती त्या ऐकते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. निवडून आलेली सभा नसली की प्रशासकच सगळं पाहतो. नवी मुंबईत मे २०२० नंतर अनेक वर्षं तेच चाललं. मंजूर आराखड्यात छोटा फेरबदल करायचा तर कलम ३७ लागतं. तिथे हरकतीला एकच महिना मिळतो आणि हरकतही फक्त प्रस्तावित बदलावरच चालते. शेजारच्या भूखंडाची तक्रार त्यात घातली की मूळ मुद्दाही बाजूला पडतो.

अर्ज लिहिताना एका मुद्द्याला एक पान ठेवा. वर पालिकेच्या जाहीर सूचनेचा दिनांक आणि क्रमांक, मग आरक्षण क्रमांक आणि सर्व्हे किंवा भूखंड क्रमांक, त्यानंतर आजची तरतूद आणि तुम्हाला हवी असलेली तरतूद शब्दशः लिहा. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. तिथेच काम बिघडतं, कारण समितीला शिफारशीत उचलून घेता येईल असं वाक्यच मिळत नाही. प्रमाणित भाग नकाशा, म्हणजे आराखड्याचा तुमच्या जागेपुरता नकाशा, जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एकाच छापील मजकुरावर सोसायटीच्या दोनशे सह्या असतील तरी मुद्दा एकच राहतो. दहा घरांनी दहा वेगळी कारणं दिली तर समितीला दहा कारणं तपासावी लागतात.

सगळ्यात मोठी उणीव सुनावणीनंतरची आहे. समितीचा अहवाल तुमच्या घरी येत नाही. तो माहिती अधिकारात मागावा लागतो : शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. हरकतींचा गोषवारा, प्रत्येक हरकतीवरची शिफारस आणि शासनाला पाठवलेला प्रस्ताव या तिन्ही गोष्टी नाव घेऊन मागा. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे बाधित माणसाला निर्णयाची कारणं सांगणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. अर्जात त्या कलमाचा उल्लेख जरूर करा.

आराखडा मंजूर होताना काही भाग वगळून ठेवले जातात. नगररचनेच्या भाषेत ते ‘ईपी’ (एक्स्क्लुडेड पार्ट). तुमचं मैदान किंवा शाळेचं आरक्षण त्यात गेलं असेल तर हरकती मागवणारी स्वतंत्र जाहीर सूचना निघते. जुनी हरकत तिथे आपोआप धरली जाईल असं समजू नका. नवा अर्ज, नवा आवक क्रमांक.