टँगलवूडचं लॉन: रविवार दुपारची मैफल आणि तिची तयारी

टँगलवूडला जायचं तर लॉनचं, म्हणजे उघड्या गवतावर बसून ऐकायचं, तिकीट काढा, आणि शक्यतो रविवार दुपारचं काढा. छपराखाली, शेडमधली खुर्ची मिळत असली तरीसुद्धा. उन्हाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे इकडे अमेरिकेत आलेत, त्यांना गाण्याबजावण्याची आवड आहे आणि मॉल आणि आउटलेट बघून ते कंटाळलेत, अशा प्रत्येक घराला मी हेच सांगते. मात्र लॉनचा दिवस निम्मा ऑर्केस्ट्रावर आणि निम्मा तुम्ही डिकीत काय भरून नेलंय त्यावर ठरतो. म्हणून इथे तयारीबद्दलच जास्त लिहिते आहे.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टँगलवूड म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचं उन्हाळी घर. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, बर्कशरच्या डोंगरांत, लेनॉक्स गावाजवळ. बॉस्टनहून साधारण १३० मैल. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत इथे मैफली चालतात. १९३७ साली या जागेवर पहिल्यांदा कार्यक्रम झाले ते तंबूत. त्या ऑगस्टमध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीताची मैफल चालू असताना वादळी पाऊस आला, वाजवणं थांबवावं लागलं आणि त्याच संध्याकाळी आयोजक बाईंनी मंचावरून पक्क्या छपरासाठी लोकांकडे पैसे मागितले. पुढच्या उन्हाळ्यात, १९३८ मध्ये, शेड उभी राहिली. पंख्याच्या आकाराचं अवाढव्य छप्पर, खाली सुमारे ५००० खुर्च्या आणि बाजू उघड्या. त्या उघड्या बाजूंच्या पलीकडे पसरलंय ते लॉन.

आता जागेबद्दल. दारं मैफलीच्या दोन-अडीच तास आधी उघडतात आणि पहिली माणसं थेट शेडच्या कडेला जाऊन पथारी पसरतात. तिथे मंचावरचा आवाज थेट कानावर येतो हे खरं. मागे जाल तसा तो स्पीकरमधून यायला लागतो. पण कडेला गर्दी दाट, समोर डोकीच डोकी, आणि अडीच वाजता, मैफल सुरू होते तेव्हा, ऊन डोक्यावर. मला विचाराल तर थोडं मागे, मोठ्या झाडाखाली बसावं. स्पीकर चांगले आहेत. चेलोचा, म्हणजे त्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचा, खालचा स्वर तिथेही भरलेला येतो आणि आपल्याला पाय पसरायला जागा मिळते. झाड निवडलंत की सतरंजी बुंध्याच्या पूर्वेला टाका. दुपार कलते तशी सावली पूर्वेकडे सरकते. बारा वाजता जिथे गारवा दिसतो त्या पश्चिमेच्या बाजूला मध्यंतरापर्यंत ऊन आलेलं असतं, आणि मग म्हाताऱ्या माणसांना उठवून सगळा संसार हलवायचा म्हणजे आजूबाजूच्यांनाही त्रास.

सतरंजीखाली ताडपत्री किंवा शॉवरचा जुना पडदा घालाच. डोंगरातली जमीन आदल्या रात्रीच्या पावसाने ओली असते, वरून गवत कोरडं दिसलं तरी. तासाभरात ओल वर येते. खुर्च्यांचा प्रश्न जरा नाजूक आहे. लॉनवर बुटक्या खुर्च्या बऱ्या, कारण उंच खुर्ची मागच्याच्या डोळ्यांसमोर येते. पण गुडघे धरलेल्या माणसाला बुटक्या खुर्चीतून उठणं अवघड. आम्ही माझ्या सासऱ्यांसाठी, म्हणजे अण्णांसाठी, नेहमीच्या उंचीची खुर्ची नेतो आणि ती झाडाच्या बुंध्याला लागून ठेवतो, म्हणजे मागे कुणी नसतंच. स्वस्तातली खुर्ची घेऊ नका. एका मोठ्या दुकानातून घेतलेल्या आमच्या खुर्चीची शिवण पहिल्याच उन्हाळ्यात उसवली. तिथे आत भाड्याने खुर्च्या मिळतात, त्या पुरेशा चांगल्या आहेत. विमानाने आलेल्या पाहुण्यांनी विकत घेण्यापेक्षा त्याच घ्याव्यात.

जेवण घरचंच न्यायचं. टँगलवूडच्या लॉनवर डबा उघडायला कुणी हरकत घेत नाही, उलट ती तिथली रीतच आहे. शेजारी लोक टेबलं मांडतात, पांढरी चादर, फुलदाणी, संध्याकाळच्या मैफलीला मेणबत्त्यासुद्धा. आपली पंगत त्यात छान शोभते. माझा बेत ठरलेला: दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर कूलरमध्ये, आणि दहीभात अगदी शेवटी खायला. रस्सा नको, कारण उतारावर वाटी सांडतेच. थर्मासमध्ये कोकम सरबत, दुसऱ्या थर्मासमध्ये चहा. चहाचा थर्मास मध्यंतराआधी उघडायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळा. स्टीलचे डबे नेऊ नका. वाद्यवृंद एकदम हळू होतो, शंभरएक माणसं मंचावर असून फक्त एक बासरी वाजत असते, आणि अशा वेळी डब्याचं झाकण उघडताना होणारा तो 'टण्' दहा सतरंज्यांपर्यंत ऐकू जातो. चिवडा, चकली, कुरकुरीत पिशव्या, सगळं मैफलीच्या आधी संपवायचं. दशम्या मी फडक्यात गुंडाळून नेते. जेवण साडेबारा ते दोन या वेळात आटपलं की मैफल चालू असताना कुणाचा हात पिशवीत जात नाही. पुण्यात सवाईला वर्षानुवर्षं बैठकीत बसलेल्या अण्णांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनीच नातवंडांच्या हातातल्या वेफर्सच्या पुड्या काढून घेतल्या. अडीच वाजता ओबोने, म्हणजे सनईसारख्या वाद्याने, सूर दिला, एकेक करून सगळी वाद्यं त्याला येऊन मिळाली, तसे ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तंबोरे लागले बघ." त्यानंतर मध्यंतरापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

कपड्यांबद्दल दोन गोष्टी. लांब पँट आणि मोजे, कितीही उकडत असलं तरी. या भागात हरणांवरच्या गोचिडी असतात आणि त्यांच्या चावण्यातून लाइम रोग होतो. खुद्द आजाराचं नाव शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून पडलंय. गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते. घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, केसांच्या कडेला सगळ्यांचं नीट बघायचं, आणि दिसलीच तर टोकदार चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची. रोगाचा संसर्ग व्हायला ती बहुतेक वेळा दिवसभराहून जास्त चिकटून राहावी लागते, त्यामुळे त्याच रात्री बघितलं तर घाबरायचं कारण नसतं. दुसरी गोष्ट शाल. दुपारी नको वाटेल, पण रात्री आठच्या मैफलीला गेलात तर जुलैतसुद्धा अंगावर काटा येतो. घरच्या ज्येष्ठांसाठी मी दुपार निवडायला सांगते त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरं कारण म्हणजे अंधारात अनोळखी उतारावरून गाडीपर्यंत चालावं लागत नाही.

पावसाचा हिशेब आधीच मनाशी करून ठेवा. लॉनला छप्पर नाही आणि पाऊस आला म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. हा नियम सरळ लिहिलेला असतो. माझा उपाय असा: तिकीट त्या आठवड्यातला अंदाज बघून काढायचं. लॉनची तिकिटं सहसा शेवटपर्यंत मिळतात. छत्रीऐवजी प्रत्येकाला टोपीचा रेनकोट, कारण उघडी छत्री म्हणजे मागच्यांचं दिसणं बंद. विजा चमकायला लागल्या तर झाड सोडून आडोशाला जायचं, मग मैफलीचा कुठला का भाग चालू असेना.

मुलं असतील तर लॉनच योग्य. पाच वर्षांखालच्या मुलांना मैफलीच्या वेळी शेडमध्ये प्रवेश नाही. शास्त्रीय कार्यक्रमांना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना लॉनचं तिकीट फुकट मिळतं, पण ते मोठ्यांच्या तिकिटाबरोबर काढावंच लागतं. अगदी लहान मुलं असतील त्यांनी मागच्या अर्ध्या भागात बसावं अशी तिथली अपेक्षा आहे, आणि ती मला रास्त वाटते. मागे मुलं गवतावर लोळतात, पुढे ऐकणारे ऐकतात.

वेळेचं गणित: मी मॅसॅच्युसेट्समधल्याच श्रूजबरीहून सकाळी नऊलाच निघते. मास पाइक या हायवेने येऊन ली गावापाशी उतरायचं, पुढे छोटे गावरस्ते. पार्किंगचे वेगळे पैसे नाहीत. लवकर पोचलात तर जुन्या बंगल्याच्या बाजूने चक्कर मारा. तिथून खाली स्टॉकब्रिज बोल हे तळं आणि मागचे डोंगर दिसतात. तसंच सेजी ओझावा हॉल बघा. १९९४ मध्ये बांधलेला हा हॉल मागच्या बाजूने अख्खा उघडतो आणि तिथेही बाहेर गवतावर बसून ऐकता येतं. इथे उन्हाळ्यात जगभरातले तरुण वादक शिकायला येतात. १९४० पासून ही शाळा चालू आहे, पहिल्याच तुकडीत पुढे नावाजलेले अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन होते, आणि ऑगस्ट १९९० मध्ये त्यांनी आयुष्यातली शेवटची मैफलही इथेच केली. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९५८ साली इथे शिकले. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हॉलसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. वास्तविक हॉल तेव्हा नव्हताच, पण जागा तीच ना.

लॉन कुणासाठी नाही, तेही सांगते. वादकाची बोटं बघायची असतील, एखाद्या व्हायोलिनवादकासाठीच तुम्ही एवढ्या लांब आला असाल, तर शेडमधलं पुढचं तिकीट काढा. पैसे पुष्कळ पडतात, पण त्यासाठी ते योग्यच आहेत. ज्यांना खर्च आवरायचा आहे आणि तरी शेडमध्ये बसायचंय, त्यांनी शनिवार सकाळची खुली तालीम बघावी. कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून वाद्यवृंद चालवणारा, मध्येच थांबवतो, चार ओळी परत वाजवून घेतो, ते बघण्यात शिकण्यासारखं खूप असतं.

आणि पहिल्यांदा जाणार असाल तर हंगामाचा शेवटचा रविवार टाळा. त्या दिवशी परंपरेने बीथोव्हेनची नववी सिंफनी असते, गर्दी लोटते, चांगल्या झाडाखालची जागा मिळवायला फार लवकर निघावं लागतं. जुलैच्या मधला एखादा रविवार धरा, घरात ज्यांना यायचंय त्यांना आधी दोन-तीन आठवडे सांगून ठेवा, आणि दशम्यांचं पीठ शनिवारी रात्री मळून ठेवा.