सेवो की प्रोपोफॉल: संध्याकाळी घरी जाणाऱ्या पेशंटसाठी

नाशिकमध्ये नव्याने फ्रीलान्स भूल द्यायला लागलेले मित्र हल्ली एकच प्रश्न विचारतात. स्वतःचा सिरिंज पंप घ्यावा आणि पूर्ण केस शिरेतून देण्याच्या प्रोपोफॉलवर चालवावी, की ज्या हॉस्पिटलात जातो तिथे सेवोफ्लुरेनचा (म्हणजे सेवोचा) व्हेपोरायझर, त्या द्रवाची वाफ करून श्वासातून देणारं उपकरण, आहे ना एवढं बघून गॅसवरच राहावं? मी दोन्ही केलं आहे. कॉलेज रोडला सकाळी एक केस, दुपारी पंचवटीत दोन, मग सिन्नर किंवा दिंडोरी, अशीच माझीही प्रॅक्टिस. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते अशा धावपळीतल्या भूलतज्ज्ञासाठी आहे. मोठ्या कॉर्पोरेट ओटीत सगळे मॉनिटर हाताशी असणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं.

मॅक, पार्टिशन कोएफिशंट, गाबा रिसेप्टर हे तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. बाकीचे उमेदवारही पटकन बाजूला करतो. आयसोफ्लुरेन स्वस्त आणि भरवशाचं, पण तासाभराच्या दुर्बिणीच्या केसनंतर त्याची गुंगी रेंगाळते. डेसफ्लुरेन झटकन उतरतं, पण ते 23 अंशांच्या आसपासच उकळतं म्हणून त्याला तापवणारा वेगळा व्हेपोरायझर लागतो, आणि छोट्या नर्सिंग होममध्ये तो मी तरी कुठे पाहिला नाही. शिवाय वातावरणाला ते इतकं घातक आहे की स्कॉटलंडने 2023 मध्ये ते वापरातून काढलं. शिरेतून देण्याचं थायोपेंटोन इंडक्शनपुरतं, म्हणजे सुरुवातीला झोपवण्यापुरतं, ठीक, त्यावर केस चालवता येत नाही. उरतात दोनच.

आधी सेवोबद्दल मनापासून चांगलं बोलतो, कारण माझी पहिली बरीच वर्षं त्याच्यावरच गेली. वासाला उग्र नाही, श्वासनलिकेला झोंबत नाही. चार वर्षांचं मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतं, मास्क नाकाशी धरून ‘फुगा फुगव बरं’ म्हणावं आणि सात-आठ श्वासांत त्याची मान कलावी, हे दुसऱ्या कुठल्याही औषधाने इतकं सुखाचं होत नाही. दम्याच्या पेशंटला ते उलट मदतच करतं. डोस फुफ्फुसातून जातो आणि बहुतेक सगळा फुफ्फुसातूनच निघतो, त्यामुळे लिव्हर-किडनीची फार चिंता नाही. आणि एण्ड टायडल, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातलं औषधाचं प्रमाण, दाखवणारा मॉनिटर (गॅस ॲनालायझर) असेल तर औषध पेशंटपर्यंत पोहोचतं आहे हे श्वासागणिक डोळ्यांना दिसतं. प्रोपोफॉलची रक्तातली पातळी अशी कुणी दाखवत नाही.

पण हा शेवटचा फायदा कागदावरचा किती आणि आपला किती, ते तपासा. मी जातो त्यातल्या निम्म्याअधिक ठिकाणी गॅस ॲनालायझर नाही. डायल दोनवर आहे एवढंच कळतं. पेशंटच्या आत किती आहे ते नाडी, बीपी आणि घाम बघूनच ओळखायचं. व्हेपोरायझरच्या काचेत पातळी किती उरली हे बघायचं राहिलं, तर मधेच तो रिकामा होतो. तिथे सेवो आणि पंप दोघंही सारखेच आंधळे. स्कॅव्हेंजिंग, म्हणजे सांडलेला गॅस बाहेर ओढून टाकण्याची सोय, तीही नसते. खिडकी बंद, एसी चालू, आणि दिवसभर तो वास ओटीतल्या सगळ्यांच्या नाकात. एकदा सहा महिन्यांची गरोदर सिस्टर दाराशी जाऊन उभी राहायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा या गोष्टीची लाज वाटली.

तरीही या कुठल्याही कारणाने मी सेवो सोडलं नसतं. सोडलं ते उलट्यांमुळे.

सुरगाण्याकडची एक बाई. पस्तिशीची, काटक, शेतात राबणारी. अंडाशयावरची गाठ दुर्बिणीतून काढायची होती. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं: सेवो, नायट्रस (नायट्रस ऑक्साइड गॅस), वेदनेसाठी फेंटानिल, आणि उलटी होऊ नये म्हणून शेवटी ऑनडॅन्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम, सुरुवातीलाच डेक्सामेथासोन 8. ट्यूब काढली, डोळे उघडले, नाव सांगितलं. मी समाधानाने बॅग उचलली आणि नाशिकरोडला सिझेरियनला निघालो. द्वारकेच्या सिग्नलवर फोन. ‘सर, तीन नंबरच्या पेशंटला उलटी झाली.’ सांगितलं तसं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. रात्री साडेनऊला मी स्वतः परत गेलो. पोटात काहीच नव्हतं, नुसते हिरवट पाण्याचे उमाळे येत होते. प्रत्येक उमाळ्याला ती दोन्ही तळवे पोटावर दाबून धरायची, टाके तुटतील या भीतीने. सासू स्टीलचं घमेलं धरून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बाई मला म्हणाली, ‘डॉक्टर, कापल्याचं काही वाटलं नाही. पण पुढच्या बारीला भूल नका देऊ, तसंच कापा.’

सर्जनने केलेलं काम चोख होतं. रक्तस्राव नाही, ताप नाही. तिच्या आठवणीत मात्र त्या ऑपरेशनचा अर्थ एकच राहिला, आणि तो मी दिलेल्या औषधाचा होता.

कारणं तुम्हाला माहीत आहेत. भुलीनंतरच्या उलट्यांचा धोका चार गुणांत मोजणारा 1999 चा अपफेल स्कोअर काढला तर आपल्या भागातली बाई बसल्या जागी दोन गुण घेऊन येते: स्त्री आहे आणि धूम्रपान करत नाही. (मिसरी लावणाऱ्या बायकांना मीही न ओढणाऱ्यांतच धरतो.) एसटीत, सावळघाटात गाडी लागते का विचारा, बहुतेकजणी हो म्हणतात, म्हणजे तिसरा गुण. नंतर वेदनेसाठी ट्रामाडॉल किंवा फेंटानिल दिलं की चौथा. चारही जुळले तर उलट्यांची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या घरात. त्याच संशोधकांनी 2004 मध्ये पाच हजारांहून जास्त पेशंटवर केलेला अभ्यास असं सांगतो की ऑनडॅन्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन प्रत्येकी साधारण पाव हिस्सा धोका कमी करतात, गॅसऐवजी प्रोपोफॉल चालवलं तर जवळपास पाचवा हिस्सा, आणि नायट्रस बंद केलं की आणखी थोडा. हे सगळे फायदे एकमेकांवर रचता येतात. शुद्धीवर आल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांतल्या उलट्यांत तर मुख्य गुन्हेगार गॅसच असतो. म्हणजे मी एका हाताने उलटीचं औषध देत होतो आणि दुसऱ्या हाताने उलटीचं कारण.

दोन वर्षांनी तीच बाई पित्ताशयाच्या खड्यांसाठी आली. पंप तोवर घेतला होता. नायट्रस बंद, गॅस बंद, प्रोपोफॉल आणि फेंटानिल, बाकी इंजेक्शनं तीच. संध्याकाळी सहाला फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सिस्टर विचारत होती, ‘सर, पेशंट चहा मागते आहे, देऊ का?’ एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण त्यानंतरच्या वर्षांत माझे रात्रीचे उलटीचे फोन इतके कमी झाले आहेत की मला वेगळी मोजणी करावीशी वाटली नाही. लोक नुसते उलटीविना उठतात असं नाही, प्रसन्न उठतात. काहीजण छान स्वप्न पडल्याचं सांगतात.

आता प्रोपोफॉलचे त्रास. ते लपवून तुम्हाला पंप घ्यायला लावणं बरोबर नाही.

पहिला, झोंबणं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून पहाटे आलेल्या पेशंटचे हात गार पडलेले असतात, मनगटावरची शीर दोऱ्याएवढी. त्यात प्रोपोफॉल सोडलं की पेशंट हात ओढून घेतो, आणि भुलीची त्याची शेवटची आठवण ती आग असते. कोपराच्या घडीतली मोठी शीर घ्या, दंडाला पट्टा बांधून आधी लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) द्या, अर्धा मिनिट थांबा, मग पट्टा सोडा. मी त्याआधी गरम पाण्याची पिशवी हाताखाली ठेवायला सांगतो.

दुसरा, बीपी. दिंडोरीहून पहिल्या गाडीने निघालेली बाई रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता येते, कारण तिला कुणीतरी ‘काही खायचं-प्यायचं नाही’ एवढंच सांगितलेलं असतं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे आदल्या दिवशी फोनवर स्वतः सांगा. सुकलेल्या शरीरात प्रोपोफॉल भरभर दिलं की वरचं बीपी सत्तरवर येऊन टेकतं. सावकाश द्या, सलाईन आधी चालू ठेवा. हृदय आधीच कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी अजूनही वेगळी योजना करतो.

तिसरा, उघडलेलं औषध. याचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. आयसीआय कंपनीत हे औषध शोधणारे जॉन ग्लेन मूळचे पशुवैद्य. त्यांना 2018 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पहिल्यांदा ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात विरघळवलं होतं, त्याच्या ॲलर्जीमुळे ते मागे घ्यावं लागलं. मग सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून आजचं दुधासारखं मिश्रण आलं. हे दूध जंतूंनाही पोषक आहे. सिरिंजमध्ये भरलेलं सहा तासांत वापरायचं, नाहीतर फेकायचं. सकाळची उरलेली अर्धी सिरिंज संध्याकाळच्या हॉस्पिटलात नेण्याचा मोह होतो, कारण पैसे दिसतात. नेऊ नका. एका पेशंटची सिरिंज दुसऱ्याला तर कधीच नाही.

चौथा सगळ्यात गंभीर: शीर निसटणं. दुर्बिणीच्या केसमध्ये दोन्ही हात चादरीखाली गुंडाळलेले असतात. थ्री वे (नळीवरची तोटी) वळला किंवा इंट्राकॅथ (शिरेतली प्लॅस्टिकची सुई) शिरेबाहेर गेली, तर पंप आपला हिरवा दिवा दाखवत औषध मांसात किंवा गादीत ओतत राहतो. पेशंटला रिलॅक्संट, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, दिलेलं असेल तर तो जागा होऊनही बोट हलवू शकत नाही. ब्रिटनमधल्या 2014 च्या राष्ट्रीय पाहणीत अशा जागेपणाच्या तक्रारी साधारण 19,000 भुलींमागे एक आढळल्या, पण रिलॅक्संट दिलेल्यांत हेच प्रमाण 8,000 मागे एक होतं. आकडा लहान आहे, पण त्या एकाचं आयुष्य बदलतं. म्हणून माझा नियम: पंपाची लाइन ज्या हातात, तो हात बाहेर. सर्जन कुरकुरले तरी. बाहेर ठेवणं शक्यच नसेल तर पायाची शीर, आणि दर दहा मिनिटांनी चादर उचलून बघणं. बिस मॉनिटर (मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली दाखवणारा) असेल तर आकडा 40 ते 60 मध्ये. तो नसेल आणि रिलॅक्संट लागणार असेल, तर सुरुवातीच्या काळात तुम्ही सेवो लावलंत तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

टीसीआयचा पंप, म्हणजे रक्तातल्या ठरवलेल्या पातळीसाठी वेग स्वतःच बदलणारा, मिळाला तर उत्तम. साधा असेल तर जुनी 10-8-6 ची पद्धत: एक मिलिग्रॅम प्रति किलो देऊन पहिली दहा मिनिटं ताशी 10, पुढची दहा 8, मग 6 मिलिग्रॅम प्रति किलो. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम धरलं तर साठ किलोच्या बाईला पहिल्या तासात सुरुवातीच्या डोससह 48 मिलिलिटर, म्हणजे जवळपास पन्नासची एक सिरिंज. पण ही पद्धत ब्रिस्टलमध्ये मांडली गेली, त्या मूळ मांडणीत नायट्रस आणि फेंटानिल दोन्ही होतं. नायट्रस काढून टाकलं की तेच आकडे डोळे मिटून चालत नाहीत. कापण्याआधी डोस वाढवावा लागतो आणि टाके सुरू होताना कमी करावा लागतो. आठवड्याभरात हाताला अंदाज येतो.

तर तोल असा. लहान मूल, शीर न सापडणारा पेशंट, दमा, मॉनिटर नसताना रिलॅक्संट लागणारी लांब केस: इथे सेवो. मूल उठताना बेफाम रडतं, आईलाही ओळखत नाही, तेव्हा शेवटी थोडं प्रोपोफॉल दिलं की ते शांत उठतं. मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भुलीच्या गॅसने अंगाचा ताप जीवघेणा चढण्याचा आनुवंशिक आजार) घरात इतिहास असेल तर सेवोचा प्रश्नच नाही. आणि ज्यांना संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी हादरे खात घरी जायचं आहे, विशेषतः दुर्बिणीच्या, स्तनाच्या, कानाच्या शस्त्रक्रियेच्या बायका, त्यांना माझ्या मते प्रोपोफॉल. सगळ्यांनाच हे पटेल असं नाही. माझे दोन ज्येष्ठ मित्र सेवोवरच उत्तम काम करतात. पण माझ्या बहिणीला उद्या भूल द्यायची झाली तर मी पंपच लावायला सांगेन.

पंप घेताना मेनची वायर काढून तो बॅटरीवर किती वेळ चालतो ते दुकानातच बघा, कारण सिन्नर-दिंडोरीकडे वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतची दोन मिनिटं त्याच्याच भरवशावर असतात. पहिल्या दहा केस छोट्या घ्या: स्तनातली गाठ, डी अँड सी (गर्भाशयाची सफाई), हाताचं प्लॅस्टर. हात मोकळा, श्वास पेशंटचा स्वतःचा, रिलॅक्संट नाही. डोस कमी पडला तर पेशंट हलेल आणि तुम्हाला कळेल. पित्ताशय त्यानंतर.