‘मिनिट’ या शब्दाचा माग : ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी
डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश विनामूल्य आहे आणि त्याची खरी ताकद ‘मिनिट’सारख्या रोजच्या शब्दात दिसते. वर्तुळाच्या अंशाचे साठ भाग करण्याच्या खगोलगणितातील पद्धतीमुळे पहिल्या सूक्ष्म भागाला लॅटिनमध्ये ‘पार्स मिनुटा प्रिमा’ आणि त्याच्याही साठाव्या हिश्शाला ‘पार्स मिनुटा सेकुंडा’ म्हणत. त्यांतूनच मिनिट आणि सेकंद आले. म्हणजे ‘सेकंद’ हा मुळात केवळ ‘दुसरा’ आहे, आणि ही जोडी समजल्यावर मला विलक्षण आनंद झाला. ‘अतिसूक्ष्म’ या अर्थाचे, निराळ्या उच्चाराचे ‘माइन्यूट’ हे विशेषण ‘सूक्ष्म’ या अर्थाच्या त्याच लॅटिन ‘मिनुटुस’चे वंशज आहे, हॉटेलातला ‘मेन्यू’देखील त्याच घराण्यातला. सभेच्या इतिवृत्ताला ‘मिनिट्स’ का म्हणतात, याविषयी मात्र कोश ठाम दावा न करता ‘बारीक अक्षरातील टिपण’ या अर्थाच्या लॅटिन प्रयोगाकडे बोट दाखवतो. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशातील कालक्रमानुसार दिलेली विपुल अवतरणे येथे मिळत नाहीत, त्यामुळे संशोधकाला हा कोश अपुरा पडेल. शिक्षकांनी आणि अनुवादकांनी मात्र तो अवश्य वापरावा.