वाड्यातली शॉर्टफिल्म: मूर्तींचा झोत की सुब्रत मित्रांचं कापड?

जुन्या नाशकातला वाडा मिळालाय, कॅमेरा मागून आणलाय, एलईडी जेमतेम दोन. अशा वेळी कॉलेजच्या फिल्मसाठी उजेडाचं वळण कुणाचं गिरवायचं? माझ्यापुढे शेवटी दोघंच कॅमेरामन उरले: गुरुदत्तचे व्ही. के. मूर्ती आणि सत्यजित रायांचे सुब्रत मित्रा.

मोह आधी मूर्तींचाच पडतो. ‘कागज के फूल’मधला (१९५९) अंधारात तिरका उतरणारा तो झोत! बाहेर एक आरसा लावून ऊन स्टुडिओत घेतलं आणि आतल्या दुसऱ्या आरशावरून खाली सोडलं. ऊन आणि आरसा तर आपल्याकडेही आहे, असं वाटतंच. शिवाय त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार (२००८ सालचा) या माणसाला मिळालेला, त्यामुळे नाशिककराला जरा जास्तच जवळचा.

आम्ही कपाटाचा आरसा चौकात उभा केला. झोत देखणा पडला, खोटं कशाला बोलू. पण ऊन थांबत नाही. नटाला संवाद आठवेपर्यंत झोत गालावरून कानावर, पुढच्या टेकला मागच्या खांबावर. आरसा धरणारा मित्र सारखा विचारतोय, ‘‘आता?’’ एडिटिंगला बसल्यावर एका वाक्यात नाक लख्ख, पुढच्या वाक्यात नुसती कॉलर. कंटिन्युइटी, म्हणजे शॉटला शॉट जुळणं, गेली ती गेलीच. त्यात झोत दिसायला धूर हवा. ऊद पेटवला की शेजारच्या काकू खोकत दारात हजर. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी बनारसच्या घराचा चौक कोलकात्यात स्टुडिओत उभारला होता. सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं, दिवे त्यावर मारले आणि मोकळ्या आभाळाखाली असतो तसा मऊ उजेड खाली उतरवला. आपला चौक खराच आहे. वरच्या कठड्याला सुतळीनं कापड बांधलं की दुपारचं कडक ऊन गाळून येतं. हे काही सुब्रत मित्रांचं बाउन्स, म्हणजे कापडावर आपटून परत खाली येणारा उजेड, नव्हे. ते संध्याकाळी, एलईडी खालून कापडावर मारले की. दोन दिव्यांत अख्खा चौक उजळत नाही, पण दोन माणसं बसतील एवढा कोपरा मिळतो, आणि मुख्य म्हणजे दहाव्या टेकलाही तो तसाच असतो.

चेहरे थोडे सपाट दिसतात, मान्य. एका बाजूला काळी चादर टांगली की गालाला सावली येते. वारा सुटला की कापड फडफडतं आणि साउंडवाला वैतागतो, त्याला मात्र इलाज सापडला नाही.

गोष्टीत एकच माणूस असेल, संवाद नसतील, तर मूर्तींकडे खुशाल जा; एका शॉटपुरता झोत सरकला तरी शोभून दिसेल. माणसं बोलणार असतील, तर मी तरी कापडच बांधेन. मेन रोडला दुकानदार स्वस्त म्हणून कोरं मांजरपाट पुढे करेल, ते घेऊ नका. त्याचा उजेड पिवळट येतो आणि सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. पांढरंशुभ्र सुतीच मागा.