नाव विचारलं तर म्हणाले, ‘गुलाबी’

आमचं घर नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आखलेली ही वसाहत. घरं लहान, पण प्रत्येकाला स्वतःचं अंगण आणि अंगणावर स्वतःचं आभाळ. (आभाळाची गोष्ट पुढे येते.) अंगणात कुंपणभिंतीलगत नऊ फूट लांब आणि अडीच फूट रुंद पट्टी आहे. तिथे आधी मुलांच्या सायकली असायच्या, नंतर एकच मोडकी सायकल राहिली. २०२३ च्या दिवाळीनंतर ती भंगारात दिली आणि गुलाबाचा वाफा करायला घेतला.

मला एका दांड्यावर एक टपोरं फूल, असला गुलाब नको होता. तो कुंडीत एकटा शोभतो, वाफ्यात लावला की हडकुळा दिसतो. मला हवं होतं गुडघाभर झुडूप आणि त्यावर झुबक्यांनी येणारी बारकी गुलाबी फुलं. आपल्याकडे अशा सगळ्यांना सरसकट बटण गुलाब म्हणतात. गुलाबवाले याला पॉलिअँथा म्हणतात. फ्रान्समधल्या लियाँच्या गियो यांनी १८७५ मध्ये यातला पहिला गुलाब बाजारात आणला. पूर्वेकडचा झुबकेदार रानगुलाब आणि पुन्हा पुन्हा फुलणारा चिनी गुलाब यांची ही संतती. अंगण छोटं आणि हौस मोठी असणाऱ्यांसाठीच जणू केलेली.

एकूण आठ रोपं घेतली, तीन ऑनलाइन आणि पाच महामार्गालगतच्या एका नर्सरीतून. दोन्हीकडची दोन वर्षं पाहून झाली, म्हणून आता लिहिते.

ऑनलाइनचं आधी उरकते. एकेक रोप ३९९ रुपयांना. खोकं सुरेख, आत भुसा, लेबलवर इंग्रजी नाव आणि गुलाबी धबधब्यासारखा फोटो. तिन्ही कलमं, म्हणजे खाली रानटी गुलाबाचा मुळांसकट खुंट आणि त्यावर हव्या त्या गुलाबाचा डोळा (कोंब) भरलेला. पहिलं कलम मार्चमध्ये असं काही उसळलं की मी सासूबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. महिनाभरात चार फुटांची फांदी, फिकट हिरवी, जवळजवळ बिनकाट्याची, एका देठावर सात-सात पानं. कळी मात्र एकही नाही. माती उकरून पाहिलं तर फांदी कलमाच्या गाठीच्या खालून निघालेली. मी कौतुकाने पाणी घालत होते ते खुंटाला, आणि वरचा गुलाब उपाशी मेला होता. दुसरं कलम जुलैत टोकाकडून काळं पडत पडत खाली आलं. तिसरं जगलं, फुललं आणि लाल निघालं. गुलाबी मागवला होता. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘माती बदलून पाहा.’ मातीने रंग बदलतो तो हायड्रेंजियाचा, गुलाबाचा नाही. पण वाद घालायला तिकडे माणूसच नव्हता.

आता नर्सरी. तिथल्या काकांकडे काळ्या पिशव्यांत ओळीने मांडलेली रोपं, १२० रुपयांना एक. नाव विचारलं तर म्हणाले, “गुलाबी.” म्हटलं, “जात कुठली?” म्हणाले, “ताई, जात-बित काय, मरत नाही एवढं खरं. तुम्ही मारलात तर गोष्ट वेगळी.” पिशवीत बोट घालून बुंधा चाचपला. गाठ नव्हती. काका फांद्यांची कटिंग लावूनच रोपं करतात. तेव्हा मला हे कमअस्सल वाटलं होतं. आता वाटतं, वाफ्यासाठी हेच हवं. स्वतःच्या मुळांवरचं रोप जमिनीतून कुठूनही फुटलं तरी तेच असतं. खुंटच नाही, तर खुंटाची फूट कुठून येणार?

काकांवर एक राग आहेच. पिशवीतली माती. वरून लाल, हाताला मऊ, आत विटेसारखी. वाळली की पाणी कडेने निघून जातं आणि मुळांना थेंब मिळत नाही. पिशवी फाडून गोळा तसाच खड्ड्यात ठेवलात तर रोप जमिनीत असूनही पिशवीतच राहतं. मी पाचही गोळे बादलीत अर्धा तास भिजवून बोटांनी हलकेच मोकळे केले. त्यात एकाची मुळं तुटली आणि ते महिनाभर रुसलं.

वाफ्याचं काम मात्र जिवावर आलं होतं. दीड फूट खणलं तर मुरूम, विटांचे तुकडे आणि एक स्टीलचा चमचा. निम्मा मुरूम काढला. मग बागेची माती, कुजलेलं शेणखत आणि दोन मूठ निंबोळी पेंड घातली. मुख्य म्हणजे विटा आडव्या रचून वाफा वीतभर उंच केला. यजमान म्हणाले, “गुलाबाला ओटा बांधतेयस का?” पण कोकणपट्टीचा पाऊस आणि गुलाबाची मुळं यांचं जमायचं तर पाणी थांबता कामा नये. पाचही रोपं दीड-दीड फुटावर, नागमोडी लावली. सरळ रेषेत लावली की शाळेच्या प्रार्थनेसारखी दिसतात.

फुलं जानेवारीपासून. एकेका झुबक्यात पंधरा-वीस, रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठी, भरगच्च पाकळ्यांची. उमलताना चांगली गुलाबी, चौथ्या दिवशी फिकट, मे महिन्यात तर दुसऱ्याच दिवशी पांढुरकी. फुलदाणीचा विचार सोडा, दांडा बोटभर असतो. सुकलेला झुबका खालच्या दोन पानांसकट कापला की पाच-सहा आठवड्यांत पुन्हा कळ्या. पाच रोपांना रविवारी दहा मिनिटं पुरतात. फेब्रुवारीत फुलकिडे कळ्यांच्या कडा तपकिरी करतात. एप्रिलमध्ये पानांखाली लाल कोळी जाळी विणतो. त्याला मी सकाळी नळीने पानांच्या खालून जोराचं पाणी मारते, एरवी पानं भिजवत नाही.

कारण खरी परीक्षा पानं भिजण्याचीच आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सात-आठ तास ओलं राहिलं की पुरतं. आमच्या मागे पारसिकचा डोंगर. जुलैत इथे पान सात तास कोरडं राहिलं तर बातमी. २०२४ च्या पावसात पाचही झुडपांची निम्म्याहून जास्त पानं पिवळी होऊन गळाली. निंबोळी तेल मारलं, पुढच्या सरीने धुऊन नेलं. दुसऱ्या वर्षी फवारणीचा नाद सोडला. मे अखेरीस मधल्या गर्दीच्या फांद्या काढून वारा खेळता केला आणि पडलेली पानं रोज वेचून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, वाफ्यात कुजू दिली नाहीत. पानं तरीही गळाली, पण कमी. फांदी एकही मेली नाही. यावर कोणी पावसाळ्यातही हिरवागार राहणारा गुलाब दाखवला तर मी त्याच्या घरी बघायला येईन, ऑगस्टमध्ये.

पाऊस उघडला की कोजागिरीच्या सुमारास छाटणी. मोठ्या गुलाबासारखं ढोपरापर्यंत कापायचं नाही, वरचा तिसरा हिस्सा फक्त. कापलेल्या टोकांना कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट. मग पंचेचाळीस दिवसांच्या आसपास कळ्या, म्हणजे थेट मार्गशीर्षातले गुरुवार. त्या दिवसांत फुलवाल्यांचे भाव विचारायची सोय नसते, आणि माझ्या घटाभोवती घरच्या गुलाबांचा गोफ. आख्ख्या खरेदीचे पैसे त्या महिन्यात वसूल झाले असं मी मानते.

उणं सांगायचं तर वास. नाही म्हणजे नाहीच. सासूबाईंनी पहिलं फूल नाकाला लावलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “चित्र छान आहे.” त्यांच्या लेखी गुलाब म्हणजे गुलकंदाचा गावठी. गंमत अशी की त्या चुकून आलेल्या लाल कलमाला वास आहे. मी ते काढून टाकणार होते, त्यांनी ड्रममध्ये लावायला लावलं. आता पाच रोपांचं पाणी माझ्याकडे, एकाचं त्यांच्याकडे.

आणि आता आभाळ. कोरियांनी ही घरं भिंतीला भिंत न चिकटवता ठेवली, ज्याला त्याला पुढे वाढवता यावं म्हणून. लोकांनी वाढवली. गेल्या वर्षी पूर्वेकडचं घर दोन मजल्यांचं झालं आणि सकाळी साडेसातला येणारं ऊन आता दहाला येतं. तक्रार कशी करणार, आमचाही एक मजला वाढलेलाच आहे. कडेच्या दोन रोपांना आता जेमतेम तीन तास ऊन मिळतं. त्यांच्या फांद्या लांबट झाल्या, झुबक्यात फुलं पाच-सहाच. पाच-सहा तास ऊन नसेल तर हा गुलाब घेऊ नका, काका काहीही म्हणोत. फ्लॅटच्या खिडकीत ग्रिलवर ठेवणाऱ्यांनी आधी एक रविवार ऊन मोजावं. कुंडी दहा-बारा इंचांची लागेल.

माझे गुण विचाराल तर काकांच्या रोपाला दहापैकी आठ. एक गुण मातीचा कापला, एक सासूबाईंनी कापला. ऑनलाइनवाल्यांना लाल फुलाच्या वासाचा एक.

गेल्या छाटणीतल्या अकरा काड्या दुधाच्या पिशव्यांत खोचल्या होत्या, पेन्सिलीएवढ्या जाड, खालची पानं काढून. सहा रुजल्या. कडेच्या दोन रोपांच्या जागी मी आता सावलीतलं काहीतरी लावणार आहे, तीही काढली की आठ वाटायला होतात. चौकातल्या सात घरांत पाच गेली, दोन वॉचमनच्या केबिनबाहेर लावणार. उरलेलं एक ऐरोलीच्या नणंदेने बोलून ठेवलंय, पण तिची खिडकी उत्तरेला आहे, त्यामुळे मी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही.