मास्ट अर्काइव्ह: डेटा फुकट, केमिस्ट्री मात्र स्वतः करायची

गॅलक्सीभोवती लांबवर जो विरळ गॅस पसरलेला असतो त्यात नक्की काय काय आहे हे स्वतः तपासायची हौस असेल तर मास्ट अर्काइव्ह वापरून बघाच. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटची सर्व्हिस आहे, हबलचा सगळा पब्लिक डेटा तिथे मिळतो, पैसे नाहीत, अकाउंटसुद्धा लागत नाही. हबलचे फोटो सगळेच बघतात, मी बोलतोय ते कॉस या स्पेक्ट्रोग्राफबद्दल (उजेड वेव्हलेंग्थनुसार पसरवून मोजणारं यंत्र), जो २००९ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन बसवला आणि जो अल्ट्राव्हायोलेटमध्ये बघतो.

हा गॅस थेट दिसणं जवळपास अशक्य, म्हणून पार मागे असलेल्या क्वेसारचा (म्हणजे दूरच्या गॅलक्सीच्या अतितेजस्वी केंद्राचा) उजेड त्यातून येताना कुठल्या वेव्हलेंग्थला खाल्ला जातो ते बघायचं; अशी खाल्लेली जागा म्हणजे 'रेघ'. क्वेसारचं नाव टाका, कॉस निवडा, 'एक्स१डीसम' वाली फाइल उतरवा. एकाच क्वेसारची बरीच एक्सपोजर असतील तर हबल स्पेक्ट्रोस्कोपिक लेगसी अर्काइव्हमध्ये ती जोडून तयार मिळतात, हे फार सोयीचं. फाइल एक्सेलमध्ये वगैरे उघडणार नाही हां, पायथन आणि त्यातली अ‍ॅस्ट्रोपाय ही खगोलशास्त्राची लायब्ररी किंवा तसलंच काहीतरी लागतं.

आता खरी गंमत. कुठली रेघ कुणाची हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. समजा मधली गॅलक्सी ०.२ रेडशिफ्टला आहे (म्हणजे विश्व प्रसरण पावल्यामुळे तिच्या उजेडाची वेव्हलेंग्थ १.२ पट ताणली जाते), तर पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची १०३१.९ अँगस्ट्रॉमची रेघ सरकून १२३८.३ ला येते, आणि आपल्याच आकाशगंगेतल्या नायट्रोजनची रेघ पडते १२३८.८ ला, म्हणजे अगदी खेटून! पण दोन्ही रेघा जोडीनं येतात. ऑक्सिजनची जोडीदार १२४५.१ ला, नायट्रोजनची १२४२.८ ला. जोडीदार सापडल्याशिवाय काही म्हणजे काही मानायचं नाही. आणि १२१६ ला भलामोठा उंचवटा दिसला तर लगेच नाचू नका, तो पृथ्वीच्याच वरच्या वातावरणातला हायड्रोजन आहे.

एवढं जमलं की कॉस वापरून गॅलक्सींभोवतीचा गॅस तपासणाऱ्या कॉस-हॅलोज या सर्व्हेचा २०११ चा रिझल्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो: तारे बनवणाऱ्या गॅलक्सींभोवती हा ऑक्सिजन भरपूर, शांत पडलेल्यांभोवती बहुतेक ठिकाणी नाहीच.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण 'रासायनिक घटक' असा आकडा इथे आयता मिळत नाही. रेघेवरून कळतो तो फक्त एक आयन (ठरावीक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू), एकूण ऑक्सिजन किती आणि हायड्रोजनच्या मानाने किती हे मॉडेल लावूनच काढावं लागतं, आणि मॉडेल बदललं की आकडा हलतो. २०१७ मध्ये याच सर्व्हेच्या थंड गॅसमधल्या जड मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा मध्यक आला सूर्याच्या साधारण ३० टक्के, पण पसरट किती, तर पन्नासाव्या हिश्शापासून थेट तिपटीच्या वर! त्यात एका गॅलक्सीमागे बहुतेक वेळा एकच क्वेसार, म्हणजे अख्ख्या ढगाला एकच सुई टोचून बघितल्यासारखं. अँड्रोमेडा आभाळात एवढी मोठी पसरलीय म्हणून तिच्यासाठी ४३ क्वेसार वापरता आले, बाकीच्यांचं नशीब तसं नाही.

फिजिक्सच्या बीएस्सी-एमएस्सीवाल्यांनी प्रोजेक्टसाठी डोळे झाकून घ्यावं. फक्त सुरुवात कॉस-हॅलोजच्या क्वेसारपासून करा, तिथे मधल्या गॅलक्सीचा रेडशिफ्ट पेपरात दिलेलाच असतो, त्यामुळे रेघ कुठे शोधायची ते आधीच माहीत असतं.