बायोमार्ट उत्तम आहे, पण न सापडलेल्या आयडी तुम्हीच मोजा

आरएनए-सीक्वेन्सिंगचं (कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजण्याच्या तंत्राचं) विश्लेषण संपलं की हातात उरते ती जनुकांच्या आयडींची, म्हणजे ओळखक्रमांकांची, लांबलचक यादी: 'ईएनएसजी' आणि त्यापुढे ११ आकडे. कुठलं जनुक कोणत्या गुणसूत्रावर, काय काम करतं, ही माहिती त्या यादीला जोडून द्यायचं काम माझ्याकडे असतं. त्यासाठी माझा सर्वाधिक वापर एन्सेम्बल या जनुकीय माहितीसाठ्यातून हवी ती माहिती काढून देणाऱ्या बायोमार्टचा.

कोड न लिहिणाऱ्या सहकाऱ्यालाही मी बिनदिक्कत तेच सुचवते. डेटासेट निवडा, फिल्टरमध्ये यादी चिकटवा, हवे ते अ‍ॅट्रिब्यूट (म्हणजे माहितीचे रकाने) टिक करा, फाइल उतरवा. माणूस, उंदीर, झेब्राफिश, सगळ्यांसाठी रीत एकच. आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या पॅकेजमधून तर एन्सेम्बलची आवृत्तीही ठरवून देता येते. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी उशिरा प्रश्न विचारले, तरी जुन्या आवृत्तीवर तोच शोध पुन्हा चालवता येतो. याचं मोल फार आहे.

मात्र निकाल डोळे झाकून घेऊ नका. जी आयडी सापडत नाही, ती बायोमार्ट निमूटपणे गाळतं. ओळींचा क्रमही तुमच्या यादीप्रमाणे येईल याची खात्री नसते. त्यामुळे रकाना उचलून शेजारी चिकटवायचा नाही, आयडीवरूनच जोडायचा. जेनकोड या जनुकांच्या संदर्भ-यादीच्या फाइलमधल्या आयडीला टिंबापुढे आवृत्तीचा आकडा असतो; तो न काढता साध्या आयडीच्या फिल्टरमध्ये घातलात तर तक्ता रिकामा येतो. आणि ट्रान्स्क्रिप्टसोबत (जनुकाच्या आरएनए-प्रतींसोबत) जीन ऑन्टॉलॉजी (जनुकाच्या कामांची प्रमाणित वर्गवारी) मागितलीत, तर टीपी५३ या एकट्या जनुकाच्या शेकडो ओळी होतात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मागवाव्यात.

न सापडलेल्या आयडींच्या बाबतीत मायजीन डॉट इन्फो ही जनुकांची माहिती देणारी ऑनलाइन सेवा मनापासून आवडते. पायथनमधून यादी पाठवली की कोणत्या आयडी सापडल्या नाहीत आणि कोणत्यांना एकाहून जास्त उत्तरं मिळाली, हे ती स्वतःहून सांगते. माहिती सतत ताजी होत असल्याने शोध घेतल्याची तारीख मात्र नोंदवून ठेवा.

इंटरनेटशिवाय काम करायचं असेल तर बायोकंडक्टर या आरमधल्या जीवशास्त्रीय पॅकेजांच्या संग्रहातली ऑर्ग पॅकेजेस (एकेका सजीवाच्या जनुकांची माहिती असलेली) आहेत. त्यांच्यावर चालणारं मॅपआयडीज हे फंक्शन यादीचा क्रम राखतं, न सापडलेल्या जागी एनए (म्हणजे 'माहिती नाही') ठेवतं. पण अनेक जुळण्या असतील तर न विचारता पहिलीच उचलतं. ती सेटिंग आधी बदला.

साधन कोणतंही असो, जनुकाच्या नावावरून शोधू नका. स्प्रेडशीट काही नावांच्या तारखा करून टाकते म्हणून सेप्ट१ चं सेप्टिन१ आणि मार्च१ चं मार्चएफ१ झालं, पण जुन्या याद्यांत जुनीच नावं आहेत. एन्ट्रेझ या दुसऱ्या जनुक-माहितीसाठ्याची आयडी, उदाहरणार्थ टीपी५३ ची ७१५७, असल्या फेरबदलात हलत नाही.

बायोमार्टच्या निकालाखाली 'न सापडलेल्या आयडी' अशी एक यादी आली, तर माझी दुसऱ्या साधनांकडची निम्मी धावपळ वाचेल.